यूएक्स टीमचे काम स्क्रीन काढण्याच्या किती आधी सुरू होते

नाशिकमधील तुमच्या चाळीस जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रीन कशी असावी हे आजवर डेव्हलपरच ठरवत आले. आता तुम्ही तीन जणांची यूएक्स टीम (यूएक्स म्हणजे युजर एक्स्पिरियन्स, वापरणाऱ्याचा अनुभव) उभी करत आहात, आणि या टीमचे काम कोणत्या क्रमाने चालावे, त्याला किती दिवस द्यावेत व शेवटी डेव्हलपरांच्या हाती काय पडावे, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात सतरा वर्षे हेच काम करते आहे आणि त्यांतील बराच काळ टीम सांभाळण्यात गेला आहे. म्हणून नुसती पायऱ्यांची नावे न देता एका प्रकल्पात त्या पायऱ्यांवर प्रत्यक्ष काय घडले ते सविस्तर सांगते.

पायऱ्यांची नावे कुठेही मिळतील. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००५ च्या सुमारास मांडलेला ‘डबल डायमंड’ सांगतो, की प्रश्न आधी सर्व बाजूंनी पाहावा आणि मग नेमका करावा, आणि उत्तरेही आधी पुष्कळ शोधून मग त्यांतून निवडावीत. आयएसओ ९२४१-२१० हे मानक चार कामे सांगते: वापराची परिस्थिती समजून घेणे, वापरणाऱ्यांच्या गरजा नोंदवणे, रचना तयार करणे आणि तिची पारख करणे, पारख झाल्यावर गरजेप्रमाणे पुन्हा मागे जायलाही ते सांगते. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा डिस्कव्हरी (प्रश्न समजून घेणे), अल्फा (कल्पना करून पाहणे), बीटा (सेवा घडवून लोकांपुढे आणणे) आणि लाइव्ह (चालू सेवा) अशा टप्प्यांनी तयार होतात, आणि डिस्कव्हरीनंतर काम पुढे न नेण्याचा निर्णय तिथे अपयश मानला जात नाही. या तिन्हींतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे आपला अंदाज चुकला असेल तर ते कोड लिहिण्याआधी कळण्याची सोय. कागदावरची चूक दहा मिनिटांत खोडता येते, पण तीच चूक डेटाबेसच्या रचनेत उतरली की दोन-दोन स्प्रिंट (डेव्हलपमेंटचे काही आठवड्यांचे ठरावीक टप्पे) खाते. म्हणून कामाचा क्रम ठरवताना मी प्रत्येक टप्प्यावर विचारते, की इथे आपण चुकीचे ठरू शकतो का, आणि ठरलो तर ते आपल्याला कोण सांगणार आहे.

प्रकल्प पश्चिम महाराष्ट्रातील एका दूध संघाचा होता. संघाकडून आलेले ब्रीफ, म्हणजे काय हवे आहे ते सांगणारा कागद, एका पानाचे होते. उत्पादकाला दर वेळी दूध घातल्यावर मिळणारी कागदी पावती बंद करायची, त्याऐवजी मोबाइल ॲप द्यायचे, त्यात दूध किती घातले, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) किती लागले, दर काय मिळाला हे दाखवायचे, आणि महिन्याचा आलेख ठेवायचा. ब्रीफ हाती आले की आमची टीम फिग्मा, म्हणजे स्क्रीन काढण्याचे सॉफ्टवेअर, उघडत नाही. पहिले दोन दिवस आम्ही त्या पानावरचे प्रत्येक वाक्य वाचतो आणि ते ‘माहीत आहे’ या रकान्यात टाकायचे की ‘वाटते’ या रकान्यात, हे क्लायंटच्या माणसांसमोर बसून ठरवतो. उत्पादकाकडे स्मार्टफोन आहे. तो फोन दूध घालणाऱ्याच्याच हातात असतो. पावतीचा उपयोग केवळ माहितीपुरता आहे. उत्पादकाला आलेख वाचायचा आहे. ही चारही वाक्ये ब्रीफमध्ये गृहीत धरलेली होती आणि चारही दुसऱ्या रकान्यात गेली. या बैठकीला डेव्हलपरांपैकी किमान एक जण हवाच, असा माझा आग्रह असतो. यूएक्सवाले उशिरा येतात आणि आयते चित्र हातात ठेवतात, ही डेव्हलपरांची तक्रार बहुतेक ठिकाणी खरी असते, आणि ती दूर करायची तर त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे लागते.

‘वाटते’ या रकान्यातील वाक्ये हीच फील्डवर्कची यादी. आम्ही सहा गावांतील दूध संकलन केंद्रांवर सकाळच्या आणि संध्याकाळच्या अशा दोन्ही वेळांना जाऊन उभे राहिलो. पहाटे साडेपाचला शटर वर जाते आणि दहा मिनिटांत रांग लागते. किटलीतले दूध काट्यावरच्या भांड्यात ओतले जाते, त्यातला नमुना छोट्या बाटलीत घेऊन फॅट मोजणाऱ्या मशीनच्या नळीखाली धरला जातो, तेवढ्यात केंद्र सांभाळणारा सचिव त्या सभासदाचा नंबर टाइप करतो आणि पावती बाहेर येते. एका केंद्रावर सचिवांना दोनशेहून अधिक सभासदांचे नंबर तोंडपाठ होते. माणूस उंबऱ्यात दिसला की बोटे नंबरवर पडत. आमच्या मनात सभासद नावाने शोधण्याची सोय होती. ती तिथेच गळाली, कारण नाव टाइप करायला लागणाऱ्या वेळात पुढच्या दोघांचे दूध घालून झाले असते. शिवाय त्यांचे हात ओले असत, आणि ओल्या बोटाने टचस्क्रीन नीट चालत नाही, ही गोष्ट ऑफिसात बसून कोणालाच सुचली नव्हती.

पावतीचे पुढे काय होते, हे पाहायला आम्ही घरांपर्यंत गेलो. इथे प्रश्न कसा विचारायचा याबद्दल थोडे सांगते, कारण नवी टीम नेमकी इथे चुकते. ‘तुम्हाला मोबाइल ॲप आवडेल का?’ असे विचारले तर समोरचा माणूस पाहुण्याचा मान राखून ‘हो’ म्हणतो, आणि त्या होकाराचा उपयोग शून्य. त्याऐवजी आमच्या रिसर्चरने विचारले, ‘मावशी, मागचं बिल आलं तेव्हाच्या पावत्या आहेत का घरात? बघू का?’ मावशी उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी तारेत ओवलेला पावत्यांचा गठ्ठा काढून आणला. बिलाच्या, म्हणजे दुधाचे पैसे मिळण्याच्या दिवशी मुलाकडून त्या सगळ्या पावत्यांची बेरीज करून घेतात आणि बिलाशी ताडून पाहतात, असे त्यांनी सांगितले. सभासदत्व आणि बँकेचे खाते त्यांच्या पतीच्या नावावर होते, संघाचे एसएमएस पतीच्या फोनवर येत, आणि पती दिवसभर एमआयडीसीत कामाला असत. गाईंचे सगळे करणाऱ्या आणि दोन्ही वेळा केंद्रावर दूध घालणाऱ्या त्या बाईंच्या हातात आपल्या दुधाचा पुरावा म्हणून एवढी ती पावतीच होती. ब्रीफ आम्ही जसेच्या तसे पाळले असते, तर तोच पुरावा त्यांच्याकडून काढून घेतला असता. यासारखी परिस्थिती आम्हाला पुढे अनेक घरांत दिसली.

फील्डवरून परतल्यावर त्याच रात्री टिपणे पूर्ण करायची, हा आमच्याकडचा कडक नियम आहे; दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या टिपणात आपले मत मिसळलेले असते. प्रत्येक चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची आणि ती पाहिलेली आहे, ऐकलेली आहे की आपल्याला वाटलेली आहे, हे तिच्या कोपऱ्यात नोंदवायचे. मग चिठ्ठ्या भिंतीवर लावून सगळी टीम त्या मोठ्याने वाचते आणि सारख्या गोष्टी एकत्र आणते. यातून सुंदर चित्रे असलेल्या पर्सोना (वापरणाऱ्यांची नमुना-व्यक्तिचित्रे) आणि जर्नी मॅप (त्यांच्या कामाच्या पायऱ्यांचे नकाशे) तयार करण्याची प्रथा आहे, पण माझा अनुभव असा, की त्या क्लायंटच्या भिंतीवर लागतात आणि पुन्हा कोणी उघडत नाही. आम्ही त्याऐवजी एक वाक्य लिहितो आणि त्यावर सर्वांची संमती घेतो. या प्रकल्पात ते वाक्य होते: ‘दूध घालणाऱ्या व्यक्तीला, फोन तिच्या हातात नसला तरी, आपले बिल किती होत आले आणि त्यातून काय कापले जाणार हे बिलाच्या दिवसाआधी कळले पाहिजे.’ पशुखाद्य, उचल, विम्याचा हप्ता अशा कपाती बिलाच्या दिवशी एकदम समोर येत आणि सर्वांत जास्त वाद त्यावरूनच होत, हे सहाही केंद्रांवर दिसले होते. आलेखाबद्दल एकाही माणसाने एकही शब्द काढला नव्हता. लोकांना आजची फॅट कालच्यापेक्षा कमी लागली की जास्त, एवढेच हवे होते.

हे वाक्य क्लायंटला मान्य करून घेणे हा या कामातला सर्वांत अवघड दिवस असतो. संघाच्या अधिकाऱ्यांनी ॲप मागितले होते आणि आम्ही सांगत होतो, की पावती ठेवा, तिच्याखाली बिलाची आतापर्यंतची बेरीज आणि ठरलेल्या कपाती छापा, सचिवांच्या टॅबलेटची स्क्रीन आधी सुधारा आणि उत्पादकाचे ॲप त्यानंतर करा. तिथे आमचे मत उपयोगी पडले नसते. उपयोगी पडली ती तारेत ओवलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्याची छायाचित्रे, परवानगी घेऊन काढलेली, आणि सोबत आलेल्या संघाच्याच सुपरवायझरचे शब्द. क्लायंटचा माणूस फील्डवर बरोबर न्यावा, असे मी म्हणते ते यासाठी.

स्क्रीन काढण्याचे काम यानंतर सुरू होते. सुरुवातीला प्रत्येकाने एकट्याने कागदावर काढायचे, मग शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. सगळे एका फळ्याभोवती उभे राहिले की सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची कल्पना जिंकते. फिग्मात रंगवलेली स्क्रीन समोर आली की लोक रंगावर आणि लोगोच्या जागेवर बोलू लागतात आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या पेनने काढलेल्या कागदांवरच होतात. चौकोन काढण्याआधी शब्द लिहायचे, हे मात्र मी कधीच सोडत नाही. स्क्रीन इंग्रजीत पूर्ण करून शेवटच्या आठवड्यात मराठी ‘भरून घेणे’ ही आपल्याकडची सवय अतिशय नुकसान करते. तशा मराठीतून ‘यशस्वीरित्या सादर केले गेले आहे’ यासारखी, कोणीही कधी न बोललेली वाक्ये तयार होतात, आणि ती बटणात मावत नाहीत म्हणून मग अक्षर बारीक केले जाते.

शब्दाने काय होते याचे एक उदाहरण पाहा. बिलाच्या स्क्रीनवर आम्ही तळाशी ‘शिल्लक’ असे लिहून रक्कम दाखवली होती. टीममध्ये कोणालाही त्यात खटकले नाही. स्वस्तातल्या फोनवर, केंद्राच्या बाहेर उन्हात, क्लिक होणारा प्रोटोटाइप (ॲपचा कच्चा नमुना) एका काकांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी आकड्यावर बोट ठेवून विचारले, ‘शिल्लक म्हणजे मला यायची का माझ्याकडून जायची?’ पशुखाद्याची उधारी ज्याच्या नावावर आहे त्याच्यासाठी हा शब्द दोन्ही अर्थांचा आहे. त्यानंतरच्या दोन जणांनीही तिथेच अडखळून पाहिले. संध्याकाळी आम्ही ती ओळ बदलून रक्कम मिळायची असेल तेव्हा ‘तुम्हाला मिळणार’ आणि उलट असेल तेव्हा ‘तुमच्याकडून येणे’ अशी केली, आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणीही थांबले नाही. त्या चाचणीत टिपणे घ्यायला डेव्हलपर बसला होता. त्यामुळे एकाच ओळीसाठी दोन वेगळी वाक्ये का हवीत, हे त्याला नंतर समजावून सांगावे लागले नाही.

चाचणी घेताना मदत न करणे हे शिकायला नव्या माणसाला काही महिने लागतात. समोरचा अडला की हात आपोआप स्क्रीनकडे जातो. ‘आता कुठं दाबू?’ असे कोणी विचारले, तर ‘तुम्हाला काय वाटतं, कुठं दाबावं?’ एवढेच म्हणायचे आणि गप्प बसायचे. किती जणांची चाचणी घ्यावी, हे तुम्हालाही विचारले जाईल. जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर या संशोधकांनी १९९३ मध्ये केलेल्या मांडणीनुसार एका माणसाच्या चाचणीत वापरातल्या अडचणींपैकी सरासरी सुमारे ३१ टक्के दिसून येतात आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के. ‘पाच जण पुरे’ हे वाक्य त्यातून रूढ झाले. लोक दोन गोष्टी विसरतात. पाचांचा हिशेब एकसारख्या लोकांच्या एका गटासाठी आहे, म्हणून सचिव वेगळे आणि उत्पादक वेगळे मोजावे लागतात. आणि पाच जणांची एक फेरी करून थांबायचे नसते. दुरुस्ती करून पुन्हा पाच जणांपुढे जायचे असते. आम्ही तीन फेऱ्या केल्या. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपे वाटते हे मोजणारी एसयूएस नावाची दहा विधानांची प्रश्नावली जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केली आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरसाठी मी ती आजही वापरते. पण तिच्यात एक विधान होकारार्थी आणि पुढचे नकारार्थी अशी रचना आहे, आणि ती तोंडी मराठीत वाचून दाखवली की गावातला माणूस प्रत्येक वेळी ‘बरोबर आहे’ म्हणतो. तिथे आकड्याच्या मागे न लागता, सांगितलेले काम मदतीशिवाय पूर्ण झाले की नाही, हे पाहणे अधिक खरे ठरते.

दृश्य रूपाचे काम यानंतरचे. देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. इंग्रजीसाठी ठरवलेली ओळीची उंची तशीच ठेवली तर ‘किंवा’वरची वेलांटी आणि अनुस्वार किंवा ‘मूळ’चा दीर्घ ऊकार कापला जातो, आणि आकडेमोडीच्या स्क्रीनवर कापलेला शब्द विश्वास घालवतो. काही फॉन्टांत भाषा मराठी अशी ठरवून दिल्याशिवाय ल आणि श मराठी वळणाचे येत नाहीत. हेही डेव्हलपरला लिहून द्यावे लागते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ असावा, असे वेबच्या सुगमतेसाठीची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; उन्हात धरलेल्या फोनसाठी आम्ही त्याहून बराच जास्त ठेवला. अँड्रॉइडवर दाबायची जागा ४८ डीपी (अँड्रॉइडमधले मापाचे एकक), म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर असावी असा संकेत आहे, आणि सचिवांच्या टॅबलेटवर आम्ही ती जवळजवळ दुप्पट केली. आकडे मराठी ठेवायचे की इंग्रजी, यावर टीममध्ये मोठा वाद झाला. मला मनापासून मराठी आकडे हवे होते. पण काट्यावर आणि मशीनवर इंग्रजी आकडे उमटतात, लोक ते पाहून स्क्रीनशी ताडतात, आणि चाचणीत मराठी आकड्यांमुळे ताडण्याचा वेळ वाढला, म्हणून इंग्रजी आकडे ठेवले.

डेव्हलपरांच्या हाती काय द्यायचे, हा तुमचा प्रश्न. फिग्माची लिंक म्हणजे हँडओव्हर नव्हे. प्रत्येक स्क्रीनच्या सगळ्या अवस्था द्याव्या लागतात: अजून काहीच नोंद नाही तेव्हा काय दिसेल, माहिती येत असताना काय दिसेल, नेटवर्क गेले तर, मशीनने उत्तर दिले नाही तर, फॅट हाताने टाकताना ३.५ ऐवजी ३५ पडले तर. शेवटच्या बाबतीत, चूक असल्याचा इशारा कोणत्या आकड्याला द्यायचा, हा नियम गाय आणि म्हैस यांच्यासाठी वेगळा हवा, कारण गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो, तर म्हशीचा ६.० आणि ९.० धरून. असे नियम चित्रात दिसत नाहीत. ते वाक्यांत लिहावे लागतात. डिझायनर डेव्हलपमेंटच्या साधारण एक स्प्रिंट पुढे असावा, आणि तयार झालेली प्रत्येक स्क्रीन त्याने लॅपटॉपवर न पाहता खऱ्या उपकरणावर पाहावी. या पाहणीसाठी आम्ही दर स्प्रिंटमध्ये अर्धा दिवस राखून ठेवतो आणि तो प्लॅनिंगमध्ये लिहितो, कारण न लिहिलेला अर्धा दिवस कधीच मिळत नाही.

दिवसांचे म्हणाल, तर या प्रकल्पात ब्रीफ आणि फील्डवर्कला अडीच आठवडे, त्याचा अर्थ लावायला एक आठवडा, काढणे आणि तपासणे यांच्या तीन फेऱ्यांना चार आठवडे लागले, आणि पुढचे काम डेव्हलपमेंटच्या जोडीने चालले. वेळ कमी असेल तेव्हा मी फेऱ्या कमी करते किंवा गावे कमी करते, पण फील्डवर्क पूर्ण गाळत नाही. पूर्वी एका कंपनीत असताना, मुदतीच्या नावाखाली ते गाळण्याला मी मान्यता दिली होती. काम वेळेवर झाले आणि सहा महिन्यांत त्यातले निम्मे पुन्हा करावे लागले.

रिलीजनंतर टीम मोकळी करू नका. यश कशावरून मोजायचे, हे आम्ही आधीच ठरवले होते: बिलाच्या दिवशी कपातीबद्दल येणाऱ्या तक्रारी, ज्या सचिव नवी व्यवस्था सुरू होण्याआधीपासून एका वहीत टिपत होते. वहीतली तक्रारींची पाने कमी झाली, पण तिसऱ्या आठवड्यात त्याच वहीत एक नवीन तक्रार दिसली, एकाच वेळेची दोनदा नोंद. आम्ही संध्याकाळी केंद्रावर जाऊन उभे राहिलो. लाइट गेली, इन्व्हर्टर लागेपर्यंत प्रिंटर बंद पडला, पावती आली नाही म्हणून सचिवांनी नंबर पुन्हा टाकला. पहिली नोंद मात्र आधीच साठवली गेली होती. फील्डवर्कच्या वेळी आम्ही संध्याकाळी तिथे होतो, पण त्या दिवसांत लाइट गेली नव्हती. आता पावती छापली गेली नसेल तर त्या सभासदाचा नंबर पुन्हा टाकताच ‘या वेळची नोंद झाली आहे, पावती पुन्हा छापायची का?’ असे विचारले जाते.

तुमच्या तिघांपैकी एकाला लोकांत मिसळून ऐकण्याची आवड असू द्या, एकाला स्क्रीनचा प्रवाह आणि नियम बांधता येऊ द्या आणि एकाला दृश्य रूपाबरोबर मराठी वाक्य लिहिता येऊ द्या. पहिला प्रकल्प म्हणून नवीन ॲप घेऊ नका. सध्या चालू असलेल्या सॉफ्टवेअरमधली ती एक स्क्रीन घ्या, जिच्यासाठी तुमच्या सपोर्टच्या माणसांना सर्वांत जास्त फोन येतात. आठवडाभर त्यांच्या शेजारी बसून ते फोन ऐका, आणि मग फोन करणाऱ्यांपैकी पाच जणांकडे त्यांच्या कामाच्या वेळी जा.